बिर्बा फक्त पांडात बसते

४ नोव्हेंबर १९९६

सेकोंदो,

कुत्री परत आण.

बाकीचं सगळं नंतर. आधी हे वाक्य दोनदा वाच आणि लोरेदानालाही वाचून दाखव, म्हणजे "तुझ्या बहिणीने नीट सांगितलंच नाही" असं म्हणायची तिला सोय राहणार नाही. फोनच करणार होते. पण तुझ्या घरी फोन उचलते तुझी बायको, आणि माझा आवाज ऐकला की आपटतेही तीच. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र फाडता येतं, पण त्याआधी वाचावं लागतं.

बाबांना पुरून आलो त्या दुपारी अर्धं गाव आपल्या स्वयंपाकघरात उभं होतं. मी कॉफी ओतत होते. चेल्सो माझा हात हातात घेऊन म्हणत होता, "एवासिओसारखा ट्रफल शोधणारा या खोऱ्यात पुन्हा होणार नाही, देल्फीना!" मातीखालची ती सोन्याच्या भावाची अळंबी उकरायच्या बाबांच्या जागा चाळीस वर्षं हुंगत फिरलेला माणूस, आणि डोळ्यांना रुमाल लावून उभा. आणि नेमक्या त्याच वेळी माझा सख्खा भाऊ अंगणात बिर्बाच्या गळ्यात दोरी अडकवून तिला आपल्या त्या अगडबंब जीपमध्ये कोंबत होता. मी खिडकीतून सगळं पाहिलं. ती चारी पाय रोवून उभी राहिली. तू तिला उचललंस आणि पोतं टाकावं तशी आत टाकलीस. अंगावर बापाच्या सुतकाचा काळा कोट होता तुझ्या.

तुझं म्हणणं मला तोंडपाठ आहे. ट्रफल बापाकडून मुलाकडे जाते. कुत्री मुलाची, जागाही मुलाच्या, मुलीने चूल सांभाळावी. खरंच आहे. आपल्या टेकड्यांत कुणी मुलीला ट्रफलची जागा सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. म्हातारा अंथरुणाला खिळला की मुलाला बोलावतात, बायकांना बाहेर काढतात, दार लावतात, आणि मग तो कानात सांगतो, कुठल्या ओकच्या खाली आणि कुठल्या पॉपलरच्या मुळाशी. पण आपले बाबा अंथरुणाला खिळलेच नाहीत. द्राक्षांच्या ओळीत उभ्या उभ्या कोसळले. दार लावायला कुणाला फुरसतच मिळाली नाही. तेव्हा तुझ्याकडे कुत्री आहे आणि जागा एकही ठाऊक नाही. माझ्याकडे बाबांची पांडा गाडी आहे, आणि मी पडले बाईमाणूस. मला कोण काय सांगणार?

हो, पांडा माझ्याकडेच राहणार. "त्या डबड्याचं लोरेदानाच्या कोंबड्यांना छान खुराडं होईल" असं तू कबरस्तानाच्या फाटकात म्हणालास, ते मी ऐकलं. ते डबडं बाबांनी त्र्याऐंशी साली कोरं घेतलं होतं. दुकानातली सगळ्यात स्वस्त गाडी. विकणारा ओशाळून म्हणाला होता, "यात फारसं काही नाही हं." बाबा म्हणाले, "मग बिघडणार काय?" आणि खूश होऊन सही केली. तेरा वर्षं तिने चिखल, द्राक्षं, कुत्री आणि बाबा वाहिले. तुझ्यासारखं एकदाही तोंड वर करून बोलली नाही.

चर्चला जाताना तू तिच्यात चालवायला बसलास, तुझे गुडघे स्टिअरिंगवर आपटले, आणि ओरडलास, "सीट इतकी पुढे कुणी ओढली?" मी म्हणाले, "म्हातारं माणूस आखडतं." तुला ते पटलं. तुला सगळंच लवकर पटतं.

कुत्री परत आण.

देल्फीना


१३ नोव्हेंबर

सेकोंदो,

चार ओळींचं पत्र, त्यात तीन तक्रारी. "बिर्बा जीपमध्ये चढत नाही. चढवली तर ओकते. रानात सोडली की ढुंगण टेकून बसते आणि माझ्याकडे बघत राहते. तिला काय खाऊ घालून बिघडवून ठेवलंस?"

मी बिघडवली! जिने आठ वर्षांत एकदाही बाबांना रिकाम्या हाताने घरी आणलं नाही, ती तुझ्या घरी दोन आठवड्यांत बिघडली, आणि दोष माझा.

अरे शहाण्या, बिर्बा फक्त पांडात बसते. हे तुला ठाऊक नसावं याचंच मला आश्चर्य वाटतं. पण मग आठवलं, तू शेवटचा बाबांबरोबर रानात गेलास तेव्हा बिर्बाची आई जिवंत होती. पांडाची मागची सीट दोन दांड्यांवर नुसती अडकवलेली असते. बाबांनी तिची पाठ खाली सोडून झोळी केली होती. पिल्लू असल्यापासून बिर्बा त्या झोळीत झोपते. पांडा सुरू झाली की तिचे कान उभे राहतात, म्हणजे आता काम आहे. तुझी जीप सुरू झाली की तिला वाटतं, पुन्हा कुणी तरी मेलं.

तू तिची घोंगडी मागितलीस. मिळणार नाही. घोंगडी पांडाची आहे. तुला वास पाहिजे आहे, तो घोंगडीत नाही, सगळ्या गाडीत आहे.

मुसकं मात्र देईन. बिर्बाची आई कशी मेली ते तू विसरला नसशील. मांसाचा गोळा, आत विष. आपल्या खोऱ्यात माणसं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, कुत्र्यांना मारतात. तेव्हापासून बाबांनी कुठलंही कुत्रं मुसक्याशिवाय दुसऱ्याच्या रानात सोडलं नाही. मुसकं पांडाच्या पुढच्या काचेखालच्या कापडी फळीवर पडलं आहे, बाबांच्या सुरीशेजारी. घ्यायला स्वतः ये. लोरेदानाला पाठवू नकोस. दारात उभा राहा आणि तोंडाने माग. "देल्फीना, मुसकं दे." एवढं बोललास तरी देईन.

आणखी एक. चेल्सो परवा बारमध्ये सगळ्यांना सांगत होता, "सेकोंदोची गाडी रोज सान रोक्कोच्या चढाखाली उभी असते. म्हाताऱ्याने शेवटी पोराला जागा सांगितली वाटतं!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खांदे उडवले आणि माझी कॉफी संपवली.

गाडी जागेखाली लावतोस होय रे? बाबांनी तुला एवढंही शिकवलं नाही? पांडा ते कधी कबरस्तानाला लावायचे, कधी पशुवैद्याच्या दारात, कधी चक्क चेल्सोच्या कुंपणाला, आणि मग उलट्या दिशेने पायी जायचे. पांडा कुठे उभी आहे हे सगळ्या गावाला माहीत असायचं, म्हणून बाबा कुठे आहेत हे कुणालाच कधी कळलं नाही.

मुसकं न्यायला ये.

देल्फीना


२४ नोव्हेंबर

सेकोंदो,

आला नाहीस. त्याऐवजी दोन पानं लिहिलीस. लग्नाच्या आमंत्रणातसुद्धा एवढा मजकूर तू मला लिहिला नव्हतास.

म्हणजे दोन वर्षांपूर्वी तू बापाच्या मागावर गेला होतास. धुकं होतं. पांडा सान रोक्कोच्या चॅपलपाशी थांबली, बाबा टोपी घालून उतरले, बिर्बा पुढे, ते मागे. तू झाडांआडून बघत राहिलास. चढावर ते दोनदा वाकले. दुसऱ्यांदा मुठीएवढी ट्रफल उकरून काढली, रुमालात गुंडाळली आणि कोटाच्या खिशात टाकली. आणि पुढे तू काय लिहितोस! "मरताना कानात नाही सांगितलं तरी पायांनी सांगितलं. म्हातारा मला दाखवतच होता. तुला दाखवलं का? नाही. मला दाखवलं."

पोटच्या पोराने चोरासारखं बापाच्या मागे जायचं आणि वर ते छाती फुगवून लिहायचं, ही हिंमत तुझीच.

मी काय सांगू? तू डोळ्यांनी पाहिलंस. टोपी पाहिलीस, कोट पाहिला, रुमाल पाहिला. माझ्यासारख्या चुलीपाशी बसणाऱ्या बाईने त्यावर काय बोलावं? पाहिलंस ना? मग खण. अख्खा चढ खणून काढ. खालून दगडांपलीकडे काही निघालं तर मला कळव.

रविवारी मात्र तुझा गळा धरावासा वाटला. तू चर्चमध्ये होतास, बिर्बाला बाहेर कठड्याला बांधलं होतंस. मी पांडा समोर लावली. तिने आवाज ओळखला. दोरी ताणून दोन पायांवर उभी राहिली आणि असा काही आवाज काढला की आतली प्रार्थना थांबली. तिच्या बरगड्या दिसतात, सेकोंदो. मी जवळ जाणार तोच तू बाहेर आलास आणि दोरीला हिसका दिलास. "माझी कुत्री आहे," म्हणालास, सगळ्यांसमोर. मी तशीच मागे फिरले. गाडीत येऊन बसले आणि रडले. दुःखाने नाही, संतापाने. तेवढ्यात चेल्सो काचेवर टकटक करून विचारतो, "काय गं, बरं वाटत नाही का?" त्याला काच खाली न करताच जे बोलले ते इथे लिहीत नाही.

पांडाच्या काचा सपाट आहेत. आतलं सगळं बाहेर दिसतं.

देल्फीना


२९ नोव्हेंबर

सेकोंदो,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. स्वतः येऊन तुझ्या पेटीत टाकते आहे, म्हणजे उद्या सकाळी तू निघायच्या आत मिळेल. सबंध वाच. मग वाटलं तर फाड.

उद्या सान रोक्कोवर जाऊ नकोस. बिर्बाला तर मुळीच नेऊ नकोस.

आज खाटकाकडे रांगेत उभी होते. चेल्सो पुढे होता. पिशवी घेताना खाटकाला म्हणाला, "यंदा सान रोक्कोवर कुत्र्यांना पोटदुखी होणार म्हणतात. ऐकलं मी." आणि मागे वळून मला बघून म्हणाला, "अगं, तू होतीस होय!" कोण करणार आहे ते त्याने सांगितलं नाही. सांगितलंही नसतं. पण तू रोज तिथे जीप लावतोस, त्यामुळे खोऱ्यातल्या प्रत्येकाला वाटतं की एवासिओचा खजिना तिथेच आहे. तीन-चार जण तुझ्या मागे जाऊन खणून आलेत. हे सगळं तुझ्यामुळे झालं. आणि माझ्यामुळे.

कारण तिथे काही नाही. त्या चढावर ट्रफल कधी नव्हतीच. तू धुक्यात जो पाहिलास, तो मी होते.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. तीन वर्षं. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की जेवणाचं ताट सरकवायचे. परवान्याच्या वेळी डॉक्टरांनी तक्ता वाचायला सांगितला असता तर त्यांना तक्ता कुठल्या भिंतीवर आहे तेही कळलं नसतं. आणि एवासिओ आंधळा झाला हे गावाला कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी चेल्सो आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसला असता. म्हणून पांडा मी चालवायची. बाबांची टोपी डोक्यावर, बाबांचा कोट अंगावर. बाबा शेजारी खाली सरकून बसायचे, घोंगडी पांघरून. रस्त्यावरचे लोक हात वर करायचे, "काय एवासिओ!" मीही हात वर करायची. गावातल्या एकाही माणसाला कधी शंका आली नाही. टोपीखाली बघायची सवयच नाही कुणाला.

सीट पुढे कुणी ओढली ते आता कळलं?

सुरुवातीला मला ते गाडीतच बसवायचे. "डोळे मिटून बस," म्हणायचे. मी बाई ना! मग एकदा बाबा मुळाला अडखळून तोंडावर पडले. त्या दिवसापासून मी बरोबर चालायला लागले. तरी जागेचं नाव त्यांनी शेवटपर्यंत उच्चारलं नाही. "इथे वळ", "आता थांब", एवढंच. वळणं अंगाने ओळखायचे ते. मला सगळ्या जागा माहीत आहेत, सेकोंदो. एकूण एक. फक्त कुत्री नाही, म्हणून एकही उपयोगाची नाही. तुझं माझं बरोबर उलटं झालं आहे.

त्या दिवशी आरशात मला तुझी गाडी दिसली. बाबांनी विचारलं, "कोण आहे मागे?"

"सेकोंदो," मी म्हणाले.

त्यांनी घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाले, "टोपी नीट घाल. सान रोक्कोला थांब. बिर्बाला घे आणि वर हिंडून ये. दोनदा वाक." मी वाकले. खुरप्याने उकरलं, एक दगड उचलला, रुमालात गुंडाळला, खिशात टाकला. खाली आले तेव्हा बाबा पांडात खाली बसले होते, पाय पोटाशी घेऊन. तू गेला होतास. मी हसत होते. मला फार मजा आली होती, खोटं कशाला सांगू? बाबा हसले नाहीत. म्हणाले, "विचारलं असतं तर सांगितलं असतं त्याला." 

हे वाक्य मी तुला सांगणार नव्हते. कधीच नाही. तुझ्यावर दात होता म्हणून नाही. ते वाक्य ऐकून मला इतका मत्सर वाटला की अजूनही वाटतो. तीन वर्षं गाडी मी चालवली, आणि जागा सांगणार होते ते तुला.

तो दगड या पाकिटात आहे. दोन वर्षं पांडाच्या फळीवर पडून होता.

उद्या जाऊ नकोस.

देल्फीना


१२ डिसेंबर

सेकोंदो,

तू गेलास.

परवा बिर्बाला बघायला आलास तेव्हा हे तुला तोंडावर बोलता आलं असतं, पण लोरेदाना बरोबर होती, आणि तिच्यासमोर तुला जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालं आहे. उरलेलं इथे लिहिते.

त्या दिवशी पांडात बसून बिर्बाला डॉक्टरकडे नेताना तू म्हणालास, "मला वाटलं, तू मला तिथून हाकलायला बघतेस. जागा खरी आहे म्हणूनच एवढी लांबण लावलीस." तेव्हा माझ्या तोंडून शिवी गेली. नंतर मात्र विचार केला. आपल्या खोऱ्यात ट्रफलबद्दल खरं बोललेला माणूस तू पाहिला आहेस? बाबा पाद्र्यालासुद्धा खोटं सांगायचे, आणि पाद्री त्यांना. मी आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहिलं आणि तुला ते सगळ्यांत मोठं खोटं वाटलं. तुझ्या जागी मी असते तर मीही भल्या सकाळी पळत सुटले असते, जास्तच उत्साहाने. हे तुझ्या बाजूने बोलत नाहीये. मुसकं न्यायला आला असतास तर काही झालं नसतं. दोन पानांचं भांडण नव्हतं ते, तीन शब्दांचं होतं.

तीस तारखेला सकाळी दारावर लाथा बसल्या तेव्हा मी शाळेच्या स्वयंपाकाला निघाले होते. दार उघडलं तर तू. कमरेपर्यंत चिखल, आणि हातांत बिर्बा, तोंडाला फेस, पाय ताठ. तुझी ती डोंगर चढणारी जीप अर्ध्या चढावर चिकणमातीत रुतून बसली होती, आणि तू तिला कवेत घेऊन उतारावरून पळत आला होतास. "देल्फीना," म्हणालास. आणि बिर्बाला माझ्यापुढे धरलंस. मला वाटलं होतं, तू दारात येऊन मागशील तेव्हा मला केवढा आनंद होईल. काही झाला नाही.

पांडा लगेच सुरू झाली. तू पुढे बसलास, बाबांच्या जागी, बिर्बा मांडीवर. गुडघे हनुवटीला लागले होते तुझे. नीत्साच्या दवाखान्यापर्यंत मी कशी चालवली मला आठवत नाही. एवढं आठवतं की तू सारखं म्हणत होतास, "जोरात, जोरात चालव," आणि मी म्हणत होते, "गप्प बस, याहून जोरात हिला येत नाही." आणि ते वळण आलं.

मी तुला न सांगता ते टाळायला हवं होतं. दुसरा रस्ता होता, पण लांबचा. आणि बिर्बा मरत होती.

तिने मान उचलली. डोळे उघडतही नव्हते, पण मान उचलली, नाक काचेकडे वळवलं आणि कुईं केलं. नेहमी करायची तसं. जागा आली, इथे थांबा म्हणून. गाडी पुढे गेली तशी मान पुन्हा तुझ्या हातावर पडली. तू वळणाकडे पाहिलंस. मग माझ्याकडे पाहिलंस. मी रस्त्याकडे बघत होते, पण तू पाहिलंस ते मला कळलं, आणि मला कळलं हे तुलाही कळलं. बाबांनी तीन वर्षं टोपीखाली लपवलेलं बिर्बाने एका आवाजात सांगून टाकलं. आणि तुला, सेकोंदो, तुला!

डॉक्टरने तिचं पोट धुतलं तेव्हा तू बाहेर जिन्यावर बसून रडलास. चांगलंच केलंस. तुझ्याबद्दल मला वाईट वाटलं नाही, उगीच समजू नकोस.

तेव्हापासून रोज सकाळी मी त्या वळणावर जाऊन येते. पांडा डेअरीपाशी लावते आणि पायी जाते. कशाला, ते तुला कळेल. बुटांचे ठसे बघायला. उकरलेली माती बघायला. जीपच्या चाकांच्या खुणा बघायला. पहिल्या दिवशी मला खात्रीच होती की तू आलेला असशील. दुसऱ्या दिवशीही होती. एकदा तर धुक्यात तासभर झुडपाआड उभी राहिले, तुला पकडायला, चार लोकांत तुझी अब्रू काढायला. तू आलाच नाहीस. तिथे हरणांच्या खुरांच्या ठशांशिवाय काही नाही.

आणि आज तुझी चिठ्ठी आली. एक ओळ. "बिर्बा खाते का?" वळणाबद्दल एक अक्षर नाही.

खाते. काल थोडं चीज लाकडांच्या ढिगामागे लपवलं होतं, तिने शोधलं, उशिरा, पण शोधलं. नाक पूर्ण परत येईल की नाही ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. आज सकाळी पांडाच्या दाराशी जाऊन पंजाने खरवडत होती. तिला जायचं आहे. हंगामाचे थोडे दिवस राहिले आहेत.

आता ऐक. बिर्बा माझ्याकडे राहणार. पांडातच बसणार. यावर लोरेदानाचं मत मला नको आहे. तू रविवारी सकाळी ये, चर्चच्या आधी. जीप घरी ठेव. पायी ये.

सान रोक्कोवर अजून ते विषाचे गोळे पडलेले असतील. दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याने खाण्याआधी ते वेचले पाहिजेत. ते काम तुझं. खिशात जाड पिशवी आणि हातात मोजे. मी तुला पांडातून चॅपलपाशी सोडीन, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, आणि तू वर चढायचं. अंगात बाबांचा कोट, डोक्यावर बाबांची टोपी. चेल्सो आणि त्याची टोळी तुझ्या मागे येईल, याची मी तुला खात्री देते. एवासिओच्या टोपीत एवासिओचा पोरगा, त्यांना राहवणारच नाही. त्यांना तासभर फिरव. तेवढ्यात मी आणि बिर्बा जिथे जायचं तिथे जाऊन येऊ.

काही मिळालं तर दुपारी माझ्या टेबलावर अंड्यांवर किसू. लोरेदानालाही आण. तिने कमी बोलावं. जेवण झाल्यावर ती भांडी घासेल, मी दार लावीन, आणि तुला काय विचारायचं ते तू तोंडाने विचार. अंथरुणावर पडेपर्यंत थांबायची आपल्या घराण्याची पद्धत मला परवडणारी नाही.

आणि चढावर ओढूनताणून म्हाताऱ्यासारखा चालू नकोस. मला ती चाल जमवायला किती तरी दिवस लागले, आणि तरी कधी नीट जमली नाही. तुझी मुळातच तशी आहे. परवा अंगणातून जाताना पाठमोरा पाहिला तुला, आणि बिर्बाने शेपूट हलवलं.

दोनदा वाक. पाठवलेला दगड तू रस्त्यावर भिरकावलास हे लोरेदानाने सांगितलं. दुसरा बघून ठेवला आहे, मुठीएवढा. पांडाच्या फळीवर आहे. उतरताना घेऊन जा.

देल्फीना